मराठी ७८ च्या रेकॉर्ड : कोणत्या आधी उचलाव्या, कशा ओळखाव्या, कशा वाजवाव्या

खरखर

जुन्या बाजारात लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या फिरणाऱ्या रेकॉर्डचा गठ्ठा दिसला की बहुतेकांचा हात आधी बालगंधर्वांकडे जातो, मग हिराबाईंकडे, मग मास्टर दीनानाथांकडे. गाणं म्हणून त्यात काहीच वावगं नाही. पण संग्रह करायचा असेल तर माझं मत उलटं आहे. बालगंधर्वांच्या एचएमव्हीच्या (हे ग्रामोफोन कंपनीचं लेबल) 'एन' नंबरांच्या, म्हणजे लेबलावरच्या नंबरापुढे 'एन' असलेल्या रेकॉर्ड महाराष्ट्रात भरपूर आहेत. त्या खपत होत्या, म्हणून कंपनी त्या पुन्हा पुन्हा काढत राहिली. तेच गाणं पुढे एलपीवर आलं, कॅसेटवर आलं, आज फोनवर ऐकायला मिळतं. तुम्ही ती प्रत सोडलीत म्हणून काही हरवणार नाही. जिची दुसरी प्रत पुढच्या गठ्ठ्यात निघेल याची खात्री नाही, ती आधी उचलावी.

माझ्या यादीत सगळ्यात वर 'यंग इंडिया'. मुंबईची नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, कारखाना वडाळ्याला, १९३५ पासून पुढे साधारण वीस वर्षं. मोठ्या कंपन्यांनी नामांकित गायक कराराने बांधून ठेवले होते, त्यामुळे यंग इंडियाने हौशी, नवोदित, स्थानिक गाणाऱ्यांना माइकसमोर उभं केलं. हीच गोष्ट अनेकांना कमीपणाची वाटते. मला तीच मोलाची वाटते. मराठी घरांत आणि मंडळांत नाट्यपद, भावगीत, भजन प्रत्यक्षात कसं गायलं जाई, हे तुम्हाला शिखरावरच्या चार नावांवरून कधीच कळणार नाही. ठाय लयीतलं पद भलत्याच चढ्या लयीत उरकलेलं, हार्मोनियम आवाजाच्या अर्धा पाऊल पुढे, शेवटच्या अंतऱ्याला वेळ संपत आल्याची घाई, हे सगळं त्यात ऐकू येतं. दाबणी, म्हणजे साच्यात दाबून रेकॉर्ड करण्याचं काम, मात्र सरस नाही. नव्याकोऱ्या प्रतीतही खालून खसखस येते. तिला झीज समजून रेकॉर्ड बाजूला टाकू नका.

दुसरं, ओडियन. भारतात ओडियनचे दोन वेगळे काळ आहेत: १९१२ ते १६ आणि १९३२ ते ३८. ध्वनिमुद्रण इथे, दाबणी जर्मनीत. दोन्ही वेळा महायुद्धाच्या आगेमागे कारभार आटोपला. पहिल्या काळातली मराठी ओडियन मिळाली तर तडा गेलेली असली तरी घ्यावी. दुसऱ्या काळातल्या ओडियनचा आवाज त्या वेळच्या कोणाही पेक्षा स्वच्छ आहे, असं माझं ठाम मत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या ओडियन ऐका. तंबोरे गाण्याच्या मागे पडद्यासारखे पसरलेले ऐकू येतात. पुढे हीच मुद्रणं कोलंबियाच्या लेबलावरही निघाली. गाणं तेच, पण माझ्या कानाला ओडियनची प्रत जास्त शांत लागते.

तिसरं, 'ट्विन'. ग्रामोफोन कंपनीचंच स्वस्तातलं लेबल, नंबरापुढे 'एफटी'. स्वस्त म्हणून लोक डोळेझाक करतात, आणि पोवाडे, कीर्तनाचे तुकडे, विनोदी संवाद असा माल याच कोपऱ्यात सापडतो.

*

मिरजेचा_तंबोरा

यंग इंडियाबद्दल शंभर टक्के सहमत. पोवाड्यांबद्दल एक भर घालतो. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावतात, बारा इंचीवर साडेचारच्या आसपास. त्यामुळे पोवाडा दोन-चार बाजूंवर 'भाग १', 'भाग २' असा तोडून येतो. गठ्ठ्यात भाग ३-४ ची एकटी रेकॉर्ड दिसली की विक्रेताही ती अर्धवट म्हणून बाजूला काढतो. ती सोडू नका. जोडीदार दुसऱ्या कोणाकडे असतो, आणि दोघांनी फाइली जोडल्या की पोवाडा पुरा होतो. अशा जुळणीसाठी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने १९९० पासून केलेलं काम फार मोठं आहे. त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे जुने अंक चाळलेत तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

भावगीतांच्या बाबतीत मात्र सावध राहा. जी. एन. जोशी, जे. एल. रानडे, गजाननराव वाटवे या नावांना विक्रेते 'दुर्मिळ' म्हणून चढा भाव लावतात. या रेकॉर्डना त्यांच्या काळात चांगला उठाव होता. थांबलात तर वाजवी किमतीत नक्की मिळतात.

*

अक्षरओळख

तारीख कशी लावायची यावर सविस्तर लिहितो. लेबलावर साल छापलेलं नसतं, आणि विक्रेता तोंडाला येईल ते साल सांगतो.

आधी रेकॉर्ड उलटी करा. मागची बाजू कोरी असेल तर ती एकतर्फी, म्हणजे साधारण १९०८ च्या आधीची. त्यावर पंखवाला देवदूत पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहितोय असं चित्र उठवलेलं असतं. 'हॅनोवर' हे नाव दिसलं तर ती जर्मनीत दाबलेली आहे. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गने १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात मुद्रणं सुरू केली तेव्हा इथे कारखाना नव्हता. मेणाच्या तबकड्या बोटीने हॅनोवरला जात आणि रेकॉर्ड होऊन परत येत. कलकत्त्यात दाबणी १९०८ मध्ये सुरू झाली, डमडमचा कारखाना १९२८ चा. कर्ण्यापुढे बसलेलं कुत्रं, म्हणजे एचएमव्हीचं चिन्ह, आपल्याकडच्या लेबलांवर देवदूतानंतर आलं.

त्या सुरुवातीच्या रेकॉर्डच्या शेवटी गाणारे आपलं नाव मोठ्याने सांगतात. परदेशातल्या कारखान्यात योग्य तबकडीवर योग्य लेबल लागावं, यासाठी ती सोय होती असं मानलं जातं. लेबल खरवडून गेलेलं असेल तर शेवटचे दहा सेकंद आधी ऐका.

आता खरा पुरावा. लेबल आणि गाण्याचे चर यांच्यामध्ये जी गुळगुळीत पट्टी असते, तिथे तिरप्या उजेडात बघा. मोबाइलची बॅटरी रेकॉर्डच्या पातळीला आणून जवळजवळ आडवी धरायची, वरून नाही. बारीक कोरलेला किंवा उठवलेला मॅट्रिक्स नंबर दिसेल. ग्रामोफोन कंपनीच्या रेकॉर्डवर त्या नंबरामागे छोटा त्रिकोण असेल तर ते वेस्टर्न इलेक्ट्रिक यंत्रणेवरचं विद्युत मुद्रण (माइक वापरून केलेलं), म्हणजे १९२५ नंतरचं. त्रिकोणाऐवजी चौकोन असेल तर ईएमआयची (ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया मिळून झालेली कंपनी) स्वतःची, ब्लूमलाइन या अभियंत्याने बसवलेली यंत्रणा, म्हणजे १९३१ किंवा नंतरचं. कोलंबियावर याच दोन गोष्टींसाठी वर्तुळातला 'डब्ल्यू' आणि वर्तुळातला 'सी' येतो. जुन्या रेकॉर्डवर यातलं काहीच नसेल तर ती विजेआधीच्या रीतीने, थेट कर्ण्यात गाऊन केलेली असण्याची शक्यता मोठी.

कॅटलॉग नंबर लेबलावर असतो आणि तो बदलू शकतो. मॅट्रिक्स नंबर मुद्रणाचा असतो, तो बदलत नाही. दोन वेगळ्या नंबरांच्या रेकॉर्डवर मॅट्रिक्स एकच असेल तर दोन्हींवर तेच गाणं, त्याच दिवसाचं आहे. उलट लेबलावर सगळं सारखं असून मॅट्रिक्स वेगळा असेल तर गायकाने ते पद पुन्हा गायलेलं आहे, आणि त्या दोन्ही प्रती ठेवण्यासारख्या आहेत. विक्रेत्याकडून फोटो मागवताना लेबलाचा फोटो पुरेसा नाही, त्या पट्टीचा फोटो मागा.

*

नादलुब्ध

@अक्षरओळख, उत्तम. गायकाच्या हयातीवरूनही पुष्कळ कळतं. केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले. तेव्हा त्यांचा आवाज कर्ण्याच्या मुद्रणातच असणार. त्यांच्या नावाच्या रेकॉर्डवर त्रिकोण दिसला तर लेबल तरी चुकीचं आहे किंवा नावाचा दुसराच कोणी गायक आहे.

आणखी एक. 'भास्करबुवा बखले यांची मूळ रेकॉर्ड', 'अल्लादिया खाँ यांची एकमेव रेकॉर्ड' अशा जाहिराती अधूनमधून फिरतात. अल्लादिया खाँसाहेबांनी रेकॉर्ड दिली नाही, आणि बुवांची रेकॉर्ड आजवर कोणाच्या हाती लागलेली नाही. अशा जाहिरातीखाली विकलं जातं ते शिष्याचं गाणं किंवा बुवांनी चाल दिलेलं पद. पैसे देण्याआधी मॅट्रिक्सचा फोटो मागा. तो मिळत नसेल तर विषय संपला.

*

नवखा_श्रोता

घरात चाळीसेक रेकॉर्ड आहेत, बऱ्याचशा मराठी नाटकांच्या आणि काही यंग इंडियाच्या. हल्ली दुकानांत मिळणाऱ्या सुटकेससारख्या रेकॉर्ड प्लेअरवर वाजवल्या तर चालेल का? काहींवर पांढरी बुरशी आहे, ती स्पिरिटने पुसावी का?

*

सुईवाला

स्पिरिट अजिबात नको! लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिशवाले सुतार लाखदाणा स्पिरिटमध्येच भिजवतात ना, तेच इथे होईल. चर मऊ होऊन पुसले जातात आणि तो भाग कायमचा गेला. स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचे फवारे, कोलन, सगळं बाद. व्हिनाइलसाठी मिळणाऱ्या तयार द्रवांतही बहुधा अल्कोहोल असतं. बाटलीवर '७८ साठी चालेल' असं लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

धुण्याची रीत अशी. बुरशी आधी कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झाडा, नाकावर मास्क लावून. मग एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं, आणि त्यात बाळाच्या शाम्पूचे चार-पाच थेंब. पाणी खोलीच्या तापमानाचं, गरम कधीच नाही. लेबलाच्या मापाची प्लॅस्टिकची दोन झाकणं रबराचा वायसर लावून दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरली की लेबल कोरडं राहतं. मऊ ब्रश किंवा मेकअपचा स्पंज चरांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा घासू नका. एका बाजूला मिनिटभर पुरे. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर साबणाचा थर चरात वाळतो आणि सुईपुढे त्याची लगदी जमते. लिंट न सुटणाऱ्या कापडाने टिपा आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी ठेवा. पंखा चालेल, ऊन नको. पूर्ण कोरडी झाल्यावरही दोन-तीन तास थांबून मगच नव्या कागदी पाकिटात घाला. जुनं बुरशीचं पाकीट परत वापरलंत तर सगळी मेहनत पाण्यात.

कोणत्या धुवायच्या नाहीत तेही लक्षात ठेवा. निकोल या जुन्या कंपनीच्या तपकिरी रेकॉर्ड पुठ्ठ्यावर सेल्युलॉइड चढवून केलेल्या असतात, पाणी लागलं की फुगतात. जुन्या ब्रिटिश कोलंबियाच्या काही रेकॉर्डच्या पोटात कागदाचा थर असतो. कडेला कपची उडालेली असेल तर तिथून पाणी आत शिरतं आणि वरचा थर सुटतो. अशांना फक्त ओलसर कापड.

आता प्लेअर. त्या सुटकेस प्लेअरवर ७८ चा वेग असतो, पण सुई एलपीची असते. एलपीची सुई टोकाला साधारण ०.७ मिल, म्हणजे १८ मायक्रॉनची. ७८ चा चर एलपीच्या चरापेक्षा खूपच रुंद. ती सुई भिंतींना न टेकता चराच्या तळाशी घसरत जाते, आणि तळाशी असते पन्नास वर्षांची माती आणि जुन्या पोलादी सुयांचा चुरा. म्हणून नुसती खरखर ऐकू येते आणि लोक म्हणतात रेकॉर्ड खराब आहे. ७८ ला अडीच ते तीन मिलची, म्हणजे ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते.

मध्यम बजेटमध्ये माझी शिफारस: ७८ चा वेग असलेला सरळ साधा टर्नटेबल, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स, आणि त्यावर व्हीएम९५ जातीचं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग. त्यात ७८ साठीची 'एसपी' सुई वेगळी मिळते, तीन मिलची. एलपीची सुई ओढून काढायची, ही बसवायची. सुईचा रेकॉर्डवरचा भार मात्र पुन्हा लावायला विसरू नका: या सुईला पाच ग्रॅमच्या आसपास लागतो, एलपीला दोन. एलपीच्या दोन ग्रॅमवर ही सुई ठेवलीत तर ती मोठ्या तानेला उडी मारेल. घरात एचएमव्ही फिएस्टा किंवा तसा जुना पेटीतला प्लेअर असेल तर त्याच्या टोनआर्मवरची (सुई धरणाऱ्या दांड्यावरची) छोटी चावी बघा. ती फिरवली की एका बाजूला एलपीची, दुसऱ्या बाजूला ७८ ची सुई खाली येते. यंत्र चालू असेल तर फक्त सुई नवी घाला. तिचा रबर वाळून दगड झालेला असतो आणि मग ती चर खरवडते.

कर्ण्याचा चावीवाला ग्रामोफोन दाखवायला सुरेख आहे. पण त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई बसते त्या डबीचा, भार शंभर ग्रॅमच्या वर जातो. दुर्मिळ रेकॉर्ड त्यावर ठेवू नये. सामान्य रेकॉर्ड वाजवायचीच असेल तर दर बाजूला नवी पोलादी सुई. एकच सुई दहा वेळा वापरली की ती छिन्नी होते.

*

खरखर

@सुईवाला, झिजेबद्दल एक पुस्ती. वापरलेली रेकॉर्ड घेताना ती उजेडात तिरपी धरा. न झिजलेली रेकॉर्ड शाईसारखी काळी चमकते. पोलादी सुईने खाल्लेले चर राखाडी दिसतात, आणि तो करडेपणा गाणं चढतं तिथे जास्त दाट असतो. नाट्यपदात हा पट्टा बहुधा शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात सापडतो, कारण ताना तिथे. पण राखाडी दिसली म्हणून सोडू नका. झीज चराच्या एका ठरावीक उंचीवर झालेली असते. तीन मिलची सुई तिथेच टेकत असेल तर अडीचची खाली टेकेल किंवा साडेतीनची वर टेकेल, आणि त्या भिंतीवर आवाज शाबूत असू शकतो. ज्यांना हे काम मनापासून करायचं आहे त्यांनी दोन वेगळ्या मापांच्या सुया तरी ठेवाव्या.

तड्यासाठी कानाचा उपयोग करा. रेकॉर्ड मधल्या भोकाला बोटाचं टोक टेकवून तोला आणि कडेला नखाने टिचकी मारा. सलग रेकॉर्ड टणक वाजते. केसाएवढा तडा असेल तर आवाज बोदा, फुटक्या मडक्यासारखा येतो.

*

मिरजेचा_तंबोरा

वेगावर कोणी बोललं नाही, आणि मराठी नाट्यसंगीतात सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

'७८' हा आकडा पुढे रूढ झाला. कर्ण्याच्या काळात ७४ पासून ८२ पर्यंत काहीही सापडतं. समजा ७५ फेऱ्यांवर मुद्रित झालेलं पद तुम्ही ७८ वर वाजवलंत. वेग चार टक्के वाढला. सुराची पट्टी अर्ध्या स्वराच्या जवळपास दोन-तृतीयांश चढली. ३ मिनिटं २० सेकंदांचं पद ३ मिनिटं १२ सेकंदांत संपलं. आवाज बारीक झाला, तान अकारण चपळ झाली. यावरून मग लोक लिहितात की जुन्या काळी सगळे फार चढ्या पट्टीत गात. गात होतेच, पण रेकॉर्ड ऐकून मोजण्याआधी वेग तपासा.

पट्टी लावायची कशी? एकटी रेकॉर्ड घेऊन बसू नका. एकाच गायकाच्या, लागोपाठच्या मॅट्रिक्स नंबरांच्या चार-सहा बाजू घ्या. त्या एकाच बैठकीतल्या असतात, पेटी तीच, गायकाचा षड्ज तोच असण्याचा संभव मोठा. मग प्रत्येक बाजूचा षड्ज आजच्या ट्यूनरवर मोजा. सगळ्या सारख्या सरकलेल्या दिसल्या तर वेगाचा दोष सगळीकडे एकच. नंतर शक्य त्या पट्ट्या लावून बघा. एक अर्धा स्वर म्हणजे वेगात जवळजवळ सहा टक्के, म्हणजे ७८ च्या खालचा पर्याय ७३.६ आणि वरचा ८२.६. या दोन टोकांमध्ये आवाजाचा नैसर्गिकपणा कान लगेच ओळखतो, विशेषतः 'स', 'श' ही अक्षरं आणि श्वास. जुनी हार्मोनियम आजच्या ४४० हर्ट्झच्या सुराला लावलेली असेलच असं नाही, म्हणून ट्यूनरवर काटा मध्यभागी आणायच्या हट्टाला पेटू नका. बाजूच्या सुरुवातीचा आणि शेवटचा षड्जही ताडून बघा. मुद्रणयंत्र मध्येच मंदावलेलं असेल तर शेवटी षड्ज चढलेला ऐकू येतो.

विद्युत मुद्रणं बरीच स्थिर आहेत. वेग तपासायला आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोब तबकडी वापरतात. वेग बरोबर असला की दिव्याखाली रेघा थांबल्यासारख्या दिसतात. दिवा मिनिटाला ६००० वेळा लुकलुकतो. ६००० भागिले ७७ म्हणजे ७७.९२ फेरे. एलईडी दिव्याखाली रेघा बहुधा थांबलेल्या दिसत नाहीत. स्विचबोर्डवरचा नारिंगी निऑन इंडिकेटर वापरा, तो सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. खोली काळोखी करा. रेघा फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर वेग जास्त.

*

फाइलकरी

डिजिटल करायच्या बाजूने थोडं.

टर्नटेबलला ७८ नसेल तरी अडत नाही. सुई ७८ ची लावा, रेकॉर्ड ४५ वर वाजवा, संगणकात १.७३३ पटीने वेग वाढवा. तडकलेल्या आणि वाकलेल्या रेकॉर्डसाठी तर हाच मार्ग चांगला, कारण मंद वेगात सुई उडत नाही. मात्र क्रम चुकू देऊ नका. तुमचा फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) एलपीचं आरआयएए इक्वलायझेशन, म्हणजे खालचे सूर उचलून वरचे कापण्याचा ठरलेला वक्र, आपोआप लावतो, तेही ४५ च्या वेगाला. म्हणून आधी त्याच वेगात आरआयएए उलटं करून काढा, मग वेग वाढवा, मग ७८ चं इक्वलायझेशन लावा. ऑडॅसिटी या संगणक-प्रोग्राममध्ये 'फिल्टर कर्व्ह'मध्ये आरआयएएचा साचा आहे आणि तो उलटा करायचं बटणही आहे. वेग आधी बदलला तर वक्र भलत्याच कंपनसंख्येवर जाऊन बसतो, आवाज नाकात बोलल्यासारखा होतो, आणि कारण शोधून सापडत नाही.

७८ चं इक्वलायझेशन म्हणजे काय? एचएमव्ही-कोलंबियाच्या विद्युत रेकॉर्डना खालच्या बाजूला २५० हर्ट्झपासून उचल, वरच्या बाजूला काहीच काप नाही. आरआयएए ५०० पासून उचलतो आणि १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल कापतो. म्हणूनच एलपीच्या प्रीॲम्पवर ७८ कोंदट आणि गुबगुबीत वाजते. कर्ण्याच्या रेकॉर्डना ठरलेला वक्र नाही. त्यात साधारण २०० ते अडीच हजार हर्ट्झ एवढंच खरं गाणं असतं. डग्ग्याचा घुमारा त्यात शोधू नका, तो कर्ण्यात शिरलेलाच नाही.

स्टिरिओतच मुद्रित करा, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. साडेतीन मिनिटांची एक बाजू सुमारे १२० एमबी होते. नंतर डावा-उजवा एकत्र करून मोनो करा. ७८ मध्ये आवाज डावीकडे-उजवीकडे कोरलेला असतो, त्यामुळे वरखालीची खरखर एकमेकींत मिटते आणि आवाज एका झटक्यात साफ होतो. पण त्याआधी दोन्ही चॅनल वेगवेगळे ऐका. पुष्कळदा एकच भिंत झिजलेली असते, मग मोनो न करता चांगली बाजू तेवढी घ्यायची. पॅथे कंपनीच्या जुन्या रेकॉर्डमध्ये आवाज वरखालीच कोरलेला असतो आणि काही लेबलाकडून बाहेर वाजतात. तिथे एक चॅनल उलटा करून मग बेरीज. नेहमीसारखी बेरीज केलीत तर गाणंच मिटेल.

खरखर काढायच्या मोहात तंबोरा जातो. आपोआप नॉइज काढणाऱ्या साधनाला तंबोऱ्याचा सलग नाद हा नॉइजच वाटतो. फटाके, म्हणजे टिकटिक, तेवढे काढा, खसखस राहू द्या. मूळ फाइल कधीही पुसू नका.

भोक मध्यावर नसलेली रेकॉर्ड असेल तर स्वर हेलकावे खातो. भोक कानशीने मोठं करू नका. खाली टाकाऊ रेकॉर्ड एकावर एक ठेवत जा, मधली दांडी वरच्या रेकॉर्डपर्यंत पोचणार नाही एवढ्या. टोनआर्मची उंची तेवढीच वाढवा. रेकॉर्ड हाताने सरकवत टोनआर्मचा डावा-उजवा झोका थांबेपर्यंत मध्य साधा. दहा मिनिटांचं काम आहे.

*

नादलुब्ध

फाइली यूट्यूबवर टाकणाऱ्यांसाठी हक्कांचा हिशेब. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ अखेरपर्यंत निघालेल्या रेकॉर्ड १ जानेवारी २०२५ पासून मोकळ्या. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं. नाटककार देवल १९१६ मध्ये गेले, गडकरी १९१९ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, म्हणून त्यांच्या नाटकांची पदं आणि चाली दोन्ही मोकळ्या आहेत. १९५० च्या भावगीतांचं तसं नाही. रेकॉर्ड जुनी झाली तरी कवी किंवा संगीतकार अलीकडे गेले असतील तर हक्क जिवंत आहे.

@खरखर, बालगंधर्वांवरचं तुमचं मत थोडं कडक वाटलं. त्यांच्या कर्ण्याच्या काळातल्या, तरुण आवाजातल्या प्रती 'एन'च्या ढिगाएवढ्या सहज मिळत नाहीत. त्या वेगळ्या मोजायला हव्यात.

*

खरखर

मान्य. माझा रोख 'एन'च्या ढिगावरच होता. 'पी' नंबरांच्या, त्रिकोण नसलेल्या प्रती दिसल्या तर जरूर घ्या. एलपीवर आलेली नाट्यपदं ऐकून मात्र त्यांची पारख करू नका. ७८ वरून काढताना खरखर दाबण्यासाठी वरचे सूर कापलेले असतात, कधी वरून घुमारा चढवलेला असतो. आवाजाची धार त्यातच जाते.

*

नवखा_श्रोता

सगळ्यांचे मनापासून आभार. लेबलाभोवतीच्या पट्टीवरचे नंबर बघायला सुरुवात केली. यंग इंडियाच्या दोन रेकॉर्ड जाणकारांकडे मुद्रणासाठी पाठवायच्या आहेत. कुरिअरने फुटणार नाहीत अशा कशा बांधायच्या?

*

सुईवाला

रेकॉर्ड कडेवर पडली की फुटते, म्हणून कडा मोकळ्या हव्यात. पातळ कागदी पाकिटात रेकॉर्ड, तिच्या दोन्ही अंगांना दहा इंची रेकॉर्डसाठी १२ बाय १२ इंचाचे पन्हळी पुठ्ठे, एकाच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. चारही कडांना चिकटपट्टी, पण रेकॉर्ड आत हलता कामा नये. दोन रेकॉर्ड असतील तर मध्ये तिसरा पुठ्ठा. एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. हे पुडकं मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी दोन-दोन इंच चुरगळलेला कागद गच्च भरून. खोकं हलवून बघा, आत सरकल्याचा आवाज आला तर अजून भरा. बबल रॅप थेट लाखेला लावू नका, उन्हात पडलेल्या पार्सलात त्याचे गोल ठसे रेकॉर्डवर उमटतात. एप्रिल-मे टाळता आला तर टाळा, आणि जोरात पावसाच्या दिवसांत खोक्याभोवती प्लॅस्टिक गुंडाळा. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि मॅट्रिक्सचे फोटो काढून ठेवा.